मैत्रीण दमते, मला थांबून राहवत नाही: ला पाझमध्ये काय करू?

प्रश्न

ताई, मी आणि माझी मैत्रीण दोघी नाशिकच्या, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासूनच्या. नोकरीतून लांब सुट्टी काढून पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिकेत फिरतोय. सध्या पेरूत कुस्कोला आहोत. इथे पोचलो त्या दिवशीच तिचं डोकं धरलं, उलट्या झाल्या. 'तू जा, मी झोपते,' म्हणाली. मी गेले आणि रात्री उशिरा परत आले. 'परक्या देशात मला टाकून गेलीस,' म्हणून ती रडली. आता ती बरी आहे, बोलतोही आम्ही, पण पहिल्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात बसने बोलिव्हियात ला पाझला जायचंय, तिथे पाच दिवस आहेत. ते कुस्कोपेक्षाही उंच आहे म्हणे. ती शाकाहारी, मी सगळं खाते. तिला अंधार पडल्यावर बाहेर पडायची भीती वाटते. मी सह्याद्रीत वाढलेली ट्रेकर, मला पायी शहर पिंजून काढायचंय. तिच्यासाठी खोलीत बसून राहू? की तिला सरळ खालच्या, उबदार गावाला पाठवून मी एकटी फिरू? मैत्रीही जायला नको आणि शहरही सुटायला नको.

उत्तर

अगं, खोलीत बसू नकोस आणि तिला कुठे पाठवूही नकोस. ला पाझ दोघींनी मिळून बघता येतं. त्यासाठी दिवस तिच्या दमाने आखायचा आणि रोजचे काही तास एकेकटीचे ठेवायचे, तेही सकाळी चहा पितानाच ठरवून. कुस्कोत हे ठरवणंच राहून गेलं. ती 'जा' म्हणाली ते मनापासूनच म्हणाली असेल. पण डोकं फुटत असताना, खालच्या रिसेप्शनवर बोलायला भाषा नसताना, बाहेर अंधार पडत असताना 'ही येणार कधी' हे माहीत नसणं फार वाईट. तू गेलीस याचं तिला दुःख नाही, असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं. तू कधी येणार हे तिला माहीत नव्हतं, त्याचं आहे. तेवढ्यापुरती तिची माफी माग. फिरायला गेल्याबद्दल मागू नकोस, नाहीतर पुढचे पाच दिवस तू अपराधी चेहऱ्याने तिच्या उशाशी बसशील आणि तेही तिला नको असेल.

आता उंचीबद्दल, कारण तुमच्यातला हा ताण बराचसा हवेने आणलेला आहे. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. ला पाझचा जुना मुख्य चौक, प्लासा मुरियो, ३,६०० मीटरच्या वर आणि शहराच्या काठावर पसरलेलं एल आल्तो चार हजारांच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. ला पाझला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण दोन तृतीयांशच मिळतो. सह्याद्रीत कमावलेले पाय इथे फारसे कामाला येत नाहीत. उंची कुणाला बाधणार हे मांड्यांच्या ताकदीवर ठरत नाही. कसलेले ट्रेकर आडवे होतात आणि एरवी जिना चढायचा कंटाळा करणारी माणसं मजेत हिंडतात. कुस्कोत तुला काही झालं नाही यात तुझी कर्तबगारी नाही, तिला झालं यात तिची चूक नाही. हे तिला स्पष्ट शब्दांत सांग. आपल्यामुळे हिची सहल खराब होतेय असं मनात घेऊन ती फिरत असणार, आणि असं मनात असलेलं माणूस त्रास अंगावर काढतं, सांगत नाही. या उंचीवर ते धोक्याचं आहे.

तुम्ही बसने जाताय ते उत्तम. सखल भागातून विमानाने थेट एल आल्तोच्या विमानतळावर उतरणाऱ्यांपैकी अनेकांचे पहिले एक-दोन दिवस त्रासात जातात. तुमचं शरीर तोवर कुस्कोत आठवडाभर मुरलेलं असेल. शिवाय वाटेत टिटिकाका सरोवर लागतं, तेच ३,८०० मीटरवर आहे. पुनोला किंवा सरहद्दीपलीकडच्या कोपाकाबानाला एक रात्र थांबा. रात्रीच्या बसने सलग जाऊन पैसे वाचवायचा मोह होईल, तो आवर. न झोपलेलं शरीर उंचीशी जुळवून घेत नाही आणि न झोपलेल्या दोन मैत्रिणी एकमेकींशीही जुळवून घेत नाहीत.

कोपाकाबानाहून पुढे टिकिनाला सरोवराचा चिंचोळा भाग ओलांडावा लागतो. सगळ्यांना खाली उतरवतात, रिकामी बस एका सपाट लाकडी तराफ्यावर चढते आणि प्रवासी लहान होडीतून वेगळे पलीकडे जातात. पासपोर्ट, पैसे आणि तिची औषधं सॅकमध्ये बसच्या पोटात ठेवू नका, अंगावर ठेवा. पलीकडच्या काठावर बसची वाट बघत थोडा वेळ हमखास जातो. पाच दिवसांचं बोलणं तिथे करा. ला पाझला पोचल्यावर गर्दी, चढ, हॉस्टेल शोधणं, यात ते राहून जाईल.

राहायचं कुठे, यावर तुमचं निम्मं सुख अवलंबून आहे. सॅकवाले बहुतेक सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागे, सागार्नागा रस्त्याच्या आसपास उतरतात. स्वस्त आहे, सगळं हाताशी आहे, पण तो सगळा भाग उभ्या चढावर आहे. खाली जाऊन पाण्याची बाटली आणायची म्हटली तरी परतताना धाप लागते. तुझ्या मैत्रिणीसाठी मी सोपोकाची भाग निवडेन. आवारोआ चौकाच्या आसपास तुलनेने सपाट आहे, बसून राहता येतील असे कॅफे आहेत, केबलकारचं स्टेशन जवळ आहे आणि मोंतिकुलो नावाच्या छोट्या बागेतून इयिमानीचं शिखर दिसतं, ६,४३८ मीटरचं, बर्फाने झाकलेलं. थोडे जास्त पैसे पडले तरी हरकत नाही. अजून सोपं हवं असेल तर दक्षिणेकडचा सोना सूर भाग आहे, तो मध्यवस्तीपेक्षा साधारण तीनशे मीटर खाली आहे. या शहरात श्रीमंत खाली राहतात, कारण तिथे ऊब जास्त आणि हवाही दाट. गरिबांची वस्ती वर, वाऱ्यात आणि थंडीत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी इतक्या खात्रीने 'दोघींनी मिळून' म्हणते. ला पाझमध्ये शहरभर केबलकार चालते. 'मी तेलेफेरिको' हे तिचं नाव. २०१४ साली लाल मार्ग सुरू झाला, पाठोपाठ पिवळा आणि हिरवा आला, आता दहा मार्ग आहेत. हा पर्यटकांचा पाळणा नव्हे, लोक यातून कामावर जातात, भाजी नेतात, पोरांना शाळेत सोडतात. दहा माणसांची केबिन, भाडं अगदी किरकोळ, स्टेशनांना आयमारा भाषेतली नावं. ज्या चढांवर तुझ्या मैत्रिणीचा जीव निघेल ते सगळे चढ ती बसल्या जागेवरून बघू शकते. आत शिरताना 'ब्वेनोस दियास', म्हणजे शुभ सकाळ, म्हणायची पद्धत आहे, तुम्हीही म्हणा. समोर बहुधा पोयेरा नावाचा घेरदार घागरा नेसलेली एखादी आजी असेल, दोन लांब वेण्या, डोक्यावर इवलीशी गोल हॅट, पाठीला आग्वायो नावाच्या रंगीत कापडाचं बोचकं. बोचक्यात कधी नातू असतो, कधी बटाटे. तिचा फोटो मात्र न विचारता काढू नकोस. बाजारातल्या बायकांना ते मुळीच आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

पहिल्या दिवशी खालच्या दिशेने जा, हे लक्षात ठेव. सोपोकाचीहून पिवळ्या मार्गाने लिबेर्तादोर, तिथून हिरव्याने इर्पावी. जसजसं खाली जाल तसतसं तिला मोकळं वाटेल. लाल मार्ग जास्त प्रसिद्ध आहे, पण तो चार हजार मीटरवर एल आल्तोला नेऊन सोडतो. डोकं जड असताना पहिल्याच दिवशी तिथे जाण्यात शहाणपण नाही. तिसऱ्या दिवशी, तिची झोप नीट झाली असेल तर, सकाळी लवकर लाल मार्ग घ्या. तो शहराच्या मोठ्या दफनभूमीवरून जातो. तिथे मृतांसाठी भिंतीत ओळीने खण केलेले आहेत, प्रत्येकाला काचेचं दार, आत फुलं आणि माणसाच्या आवडीच्या लहानसहान वस्तू, आणि अशा भिंतींच्या गल्ल्याच्या गल्ल्या. वर पोचल्यावर बाहेर न रेंगाळता रुपेरी मार्गाने काठाकाठाने जा आणि पिवळ्याने खाली उतरा. पायऱ्या जवळजवळ न चढता सगळं ला पाझ बघून होतं. एका बाजूला उघड्या विटांच्या घरांचा डोंगर, दुसऱ्या बाजूला इयिमानी. दुपारी ढग येतात, म्हणून सकाळ.

तुझे एकटीचे तास कुठे घालवशील? गुरुवारी किंवा रविवारी एल आल्तोचा 'दिएसिसेइस दे हुलिओ' बाजार. तो इतका मोठा आहे की टोक दिसत नाही. जुन्या गाडीच्या दारापासून लग्नाच्या पोशाखापर्यंत सगळं रस्त्यावर मांडलेलं. धूळ, ऊन, धक्काबुक्की आणि चार हजार मीटर उंची: हे तुझं काम, तिला ओढून नेऊ नकोस. फोन आणि पैसे आतल्या खिशात ठेव. तेवढ्या वेळात तिला वांशिक संस्कृतीचं संग्रहालय बघता येईल, तिथले लोकांचे मुखवटे आणि विणकाम सावकाश बघण्यासारखं आहे. किंवा हाएन गल्ली, दगडी फरसबंदीची, रंगीत जुन्या घरांची, अख्खी गल्ली संग्रहालयांचीच. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १८०९ च्या उठावाचा नेता पेद्रो दोमिंगो मुरियो याचं घर तिथेच आहे. त्याला १८१० मध्ये फाशी दिली आणि मुख्य चौकाला आज त्याचंच नाव आहे. त्या चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ २०१४ पासून उलटं फिरतं. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली उलट्या दिशेने सरकते, मग आपण उत्तरेचं घड्याळ का वापरायचं, असा तिथल्या सरकारचा सवाल होता. हे चौकात उभं राहून दोघींनी बघा.

चेटकिणींचा बाजार म्हणून ओळखली जाणारी लिनारेस गल्लीही मिळूनच बघा, पण तिला आधी कल्पना दे. तिथे दुकानांवर लामा प्राण्याची वाळलेली भ्रूणं टांगलेली असतात. घर बांधताना ती पायाभरणीत पुरतात, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य म्हणून. शाकाहारी मुलीला ते एकदम अंगावर येऊ शकतं. पण हा तमाशा नाही, लोकांची श्रद्धा आहे, आणि आपल्याकडे वास्तुशांत करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ती समजेल.

वेळ ठरवताना 'संध्याकाळी भेटू' असं म्हणू नका. 'चार वाजता, आवारोआ चौकातल्या अमुक कॅफेत, आतल्या टेबलाशी' असं म्हणा. जागा छपराखालची असावी, कारण दुपारची सर आली की तिथे चटकन गारठा पडतो. उशीर होणार असेल तर निरोप जायलाच हवा. सिम कार्ड दोघींकडे हवं. एकीच्या फोनवर दोघींची सहल चालवणं हेही अशा भांडणांचं एक कारण असतं.

जेवणाची काळजी तू समजतेस तेवढी नाही. सकाळी सगळं शहर सालतेन्या, म्हणजे भाजलेल्या करंज्या, खातं, त्यात मांस असतं आणि रसही मांसाचा, ते तू खा. तिच्यासाठी प्लातो पासेन्यो आहे: उकडलेलं कणीस, बटाटे, बाकल्याचे मोठे दाणे आणि तळलेल्या चीजचा जाड काप. ही ला पाझची स्वतःची थाळी आहे आणि मुळात बिनमांसाची, तरी वर मांस घालत नाहीत ना एवढं विचारून घ्यायचं. सोबत याहुआ येते, टोमॅटो आणि लोकोतो मिरची दगडावर वाटून केलेली, आणि पहिल्या घासालाच तिला ठेचा आठवेल. संध्याकाळच्या थंडीत आपी मागवा, जांभळ्या मक्याचं गरम, दाट, दालचिनी-लवंगेचं पेय, आणि बरोबर चीज भरलेला तळलेला पास्तेल. दोघींना चालेल असा हा खाऊ आहे, रोज एकदा मिळून खा. सूप मात्र जपून. शेंगदाण्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही, 'सिन काल्दो दे कार्ने', म्हणजे मांसाच्या पाण्याशिवाय, असं म्हणायला तिला शिकव. पहिले दोन दिवस रात्रीचं जेवण हलकं ठेवा, उंचीवर पचन मंदावतं.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्वत्र मिळतो, कायदेशीर आहे, प्या, बरं वाटतं. पण पानं किंवा चहाच्या पुड्या सॅकमध्ये टाकून बोलिव्हियाबाहेर नेऊ नका. भारतात तर मुळीच आणू नका, इथे तो गुन्हा आहे.

रात्रीच्या भीतीवरून तिची समजूत काढत बसू नकोस, या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. ला पाझमध्ये खोटे पोलीस आणि खोट्या टॅक्सी हा जुना प्रकार आहे. रस्त्यात कुणी साध्या वेशात 'पोलीस' म्हणून पासपोर्ट मागितला, किंवा गाडीत बसायला सांगितलं, तर बसायचं नाही, जवळच्या दुकानात किंवा हॉटेलात शिरायचं. अंधार पडल्यावर हॉस्टेलने किंवा हॉटेलने फोन करून बोलावलेलीच टॅक्सी. तिचं भाडं सामायिक बटव्यातून द्या, म्हणजे 'तुझ्या भीतीचा खर्च' असं कधी बोललं जाणार नाही. एखाद्या रात्री तुला गाणं-बजावणं ऐकायला जायचंच असेल तर हॉस्टेलमधल्या चार जणांच्या गटाबरोबर जा आणि तिला परतायची वेळ सांगून जा.

आता नीट वाच. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, हे उंचीवर होतं. तसं झालं तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचं. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. पण नुसतं बसलेली असतानाही धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, तर ती 'मी बरी आहे' म्हणाली तरी ऐकायचं नाही. तत्काळ दवाखाना, ऑक्सिजन आणि शक्य तितक्या लवकर खाली. अशा वेळी तुझे सगळे बेत रद्द, त्यावर चर्चा नाही. हेही टिकिनाला आधीच बोलून ठेवा, आणि तुला झालं तर ती काय करेल तेही. तुला होणार नाही असं काही लिहून दिलेलं नाही.

खालच्या उबदार गावाचं तू विचारलंस. तुझ्या मनात बहुधा कोरोइको असेल, युंगासच्या हिरव्या डोंगरउतारावरचं, दोन हजार मीटरच्याही खाली. सुंदर आहे. पण तिथे जाणारा रस्ता आधी ला कुंब्रे खिंडीतून, साडेचार हजार मीटरहून उंचावरून जातो आणि मग उतरतो. म्हणजे त्रास होत असलेल्या मुलीला 'बरं वाटेल' म्हणून एकटीला त्या बसमध्ये बसवणं ही चुकीची मदत होईल. ती ठणठणीत असेल तर शेवटचे दोन दिवस दोघी मिळून जा. तो भाग डासांचा आहे, तेव्हा पिवळ्या तापाची लस घेतलेली असली पाहिजे. तसंही पेरू आणि बोलिव्हियातून भारतात परतताना त्या लसीचा दाखला विमानतळावर मागतात, आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तुमच्याकडे असेलच, पण कागद कुठे ठेवलाय ते आजच बघा.

एक-दोन दिवस मोकळे ठेवा. बोलिव्हियात निदर्शनं आणि रस्ते अडवणं वरचेवर होतं, बस बंद पडतात, आणि तिकिटं घट्ट बांधलेल्या प्रवाशांची तेव्हा फार ओढाताण होते.

आणि तिला हे सगळं तू ठरवून सांगू नकोस. माझं पत्र तिच्या हातात दे आणि यातलं काय पटत नाही ते विचार. ती म्हणाली की मला एल आल्तोचा बाजारही बघायचाय, तर तिला ने, हळू चाल, आणि ती 'बस' म्हणेल तिथून परत फिर. ती म्हणाली की मला दोन दिवस खरंच एकटीने खाली जाऊन राहायचंय, तर तेही तिला करू दे, फक्त ते तिच्या तोंडून यायला हवं.